धवल्यात नसलेली ओळ

करंजाडे गावात लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी चंद्रावतीकडे सांगावा जातो. नवरानवरीच्या कुंडल्या जुळोत न जुळोत, चंद्रावतीची तारीख जुळायला लागते. ती धवलारीण आहे. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो, दक्षिणा घेऊन जातो. पण बायकांच्या लेखी लग्न लागतं ते धवलारणीच्या गळ्यातून. हळदीपासून वरात घरी पोचेपर्यंत प्रत्येक गोष्टीला तिचं गाणं हवं, आणि त्या गाण्यांना धवले म्हणतात. मांडवाच्या खांबाला धवला, उखळाला धवला, पाण्याच्या कळशीला धवला. हल्ली लग्नं हॉलमध्ये होतात आणि डीजेने खुर्च्या थरथरतात, तरी मधेच कुणीतरी म्हातारी हात वर करते, डीजे मुकाट्याने बंद होतो आणि चंद्रावती डोळे मिटून सुरू होते.

डोळे मिटले की समोरचं काही तिला दिसत नाही. हॉल जातो, बाहेरचे टॉवर जातात, टॉवरखाली गेलेली शेतं वर येतात. मग तिच्या माहेरची, उरणकडची मिठागरं दिसू लागतात. अरुंद बांध, पांढरं ऊन, आणि चौकोनी पाण्यात उतरून बसलेलं आभाळ. धवल्यात सगळ्यांना आवतण असतं, सूर्याला, चांदाला, खाडीला, डोंगरावरच्या देवीला. चंद्रावती एकेकाला हाक मारते आणि ते खरंच बांधावरून चालत येताना तिला दिसतात. गाताना आपण जाग्या असतो की झोपेत, हे तिला आजवर सांगता आलेलं नाही, आणि तिला ते कुणी विचारलेलंही नाही.

रेवा अशाच कुणासारखी बांधावरून चालत आली, असं चंद्रावती म्हणायची. प्रत्यक्षात ती बालगृहाच्या गाडीतून आली. तिची आई तळोज्याकडे बांधकामांवर काम करायची. ‘थोडे दिवस ठेवा, जागा मिळाली की नेते’ असं सांगून तिने लेकीला बालगृहात सोडलं आणि मग कामांबरोबर ती कुठे सरकत गेली ते कुणालाच कळलं नाही. चंद्रावतीच्या पोटी काही नव्हतं. तिचा नवरा तुळशीराम, शेतीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगखाली दिवसभर खुर्ची टाकून बसायचा, भाडेकरूंच्या पाण्याच्या तक्रारी ऐकायचा आणि संध्याकाळी वर येऊन गप्प जेवायचा. सरकार बालगृहातली मुलं घरी सांभाळायला देतं, त्याला फॉस्टर म्हणतात, हे त्यालाच एका भाडेकरूने सांगितलं. बारा वर्षांची रेवा तशी आली. आली त्या दिवशी चंद्रावतीला तिने मावशी म्हटलं. बालगृहात सांभाळणाऱ्या सगळ्याच बायकांना मुलं मावशी म्हणतात. चार वर्षं झाली, तेच चालू होतं. चंद्रावतीला ‘आय’ ऐकायचं होतं, पण ते मागून घ्यायचं नसतं एवढं तिलाही कळत होतं.

बाकी रेवात नाव ठेवायला जागा नव्हती. सांगितलेलं काम ती करायची, वाढलेलं खायची, दिलेला ड्रेस घालायची. घरात सुकटीची चटणी झाली की चंद्रावती तिला दोनदा वाढायची आणि रेवा दोन्ही वेळा संपवायची. गावातल्या लेकींच्या आया पोरींच्या उलट उत्तरांनी मेटाकुटीला आलेल्या. त्यांच्यापुढे चंद्रावती मोठ्या तोऱ्यात म्हणायची, “माज्या रेवाला नाय म्हनायलाच येत नाय.” आणि हे सांगताना तिला आभाळ ठेंगणं व्हायचं.

आता तिला रेवाला दत्तक घ्यायचं होतं. फॉस्टरमध्ये काही काळ गेला की तेच कुटुंब मूल दत्तक घेऊ शकतं, असं तिला समजलं होतं. मुलांचे निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीने रेवाच्या आईचा शोध घेतला होता, ती सापडली नव्हती. आता समितीतली माणसं रेवाला समोर बसवून विचारणार होती, तुला या घरची मुलगी व्हायचं आहे का. पौष सरला की ती तारीख होती. रेवा काय म्हणणार याची चंद्रावतीला तिळभर शंका नव्हती. तिने त्या दिवशीचं लुगडंही ठरवून ठेवलं होतं.

मधे एकच गोष्ट उभी होती, ती म्हणजे अनुष्का. ही फॉस्टरचं काम बघणाऱ्या संस्थेची समुपदेशक, रेवाहून फार तर दहा वर्षांनी मोठी, स्कूटरवरून फिरणारी. फॉस्टरमधल्या मोठ्या मुलामुलींसाठी ती पनवेलला वडाळे तलावाजवळच्या एका सभागृहात दर रविवारी वर्ग घ्यायची. शरीरात काय बदलतं, कुणी आवडणं म्हणजे काय, दिवस कसे जातात आणि कसे टाळतात, कुठले आजार होतात, कुणी फोटो मागितला तर काय करायचं, असं सगळं. चंद्रावतीने आधी हात झटकले. पोर गरीब हाय, तिला हे कनाला पायजे, असं तिचं म्हणणं. अनुष्काने वाद घातला नाही. तिने फक्त विचारलं की रेवाला हे आजवर कुणी सांगितलंय.

चंद्रावतीने बालगृहाचं नाव घेतलं. अनुष्का म्हणाली, तिथे मोठ्या मुलींना बोलावतात, रेवा तेव्हा लहान होती. मग शाळा. शाळेत तो धडा आला तेव्हा बाईंनी घरी वाचा म्हणून सांगितलं होतं. आणि घरी? रेवाला पाळी आली त्या दिवशी चंद्रावतीने पॅड आणून दिले, शिरा केला आणि म्हणाली, बाय, आता जपून राहा. कशापासून जपायचं ते काही बोलली नाही. बालगृहाला वाटलं घर सांगेल, घराला वाटलं बालगृहाने सांगितलं असेल, आणि पोर सगळ्यांना मान डोलवत मोठी झाली. चंद्रावती वरमली आणि वर्गाला हो म्हणाली.

पालकांनाही बोलावलं होतं. मुलं आत बसायची आणि पालक बाहेर तलावाकडे तोंड करून. थंडीचे दिवस, उन्हाला मऊपणा आलेला. पाण्यावरची चमक बघता बघता चंद्रावतीचे डोळे मिटायचे आणि ती बांधावर पोचायची. आतून अनुष्काचा आवाज यायचा, काही शब्द कळायचे, काही पाण्यात पडून जायचे. एकदा तिला स्वप्नात दिसलं की रेवा बांधाच्या टोकाला उभी आहे आणि वाटेने येणारा-जाणारा जो तो तिच्या हातात काहीतरी देऊन जातोय. रेवा सगळं घेत होती. तिचे हात भरले, ओंजळ भरली, ओटी भरली, तरी ती घेतच होती. चंद्रावती दचकून जागी झाली आणि शेजारच्या बाईला म्हणाली, ऊन लागलं वाटतं.

त्याच दिवशी शेवटच्या अर्ध्या तासाला पालकांना आत घेतलं. अनुष्काने एक खेळ मांडला. पालकाने मुलाला काहीतरी करायला सांगायचं आणि मुलाने नाही म्हणायचं. बस, एवढंच. मुलांना तर आयतं सापडलं. कळंबोलीहून आलेल्या एका पोराने आपल्या काकांना इतक्या प्रेमाने नाही म्हटलं की हॉल हसला. मग रेवाची वेळ आली. चंद्रावतीने विचारलं, “बाय, उद्या माज्यासंगती हळदीला येशील?”

रेवा म्हणाली, येईन. सगळे हसले. अनुष्काने पुन्हा समजावलं, हा खेळ आहे, तुला नाही म्हणायचंय. चंद्रावतीने परत विचारलं. रेवाने तोंड उघडलं, ओठ हलले, आणि शब्द आला तो ‘येईन’च. तिसऱ्या वेळी तर तिच्या कपाळावर घाम आला. चंद्रावती मात्र कौतुकाने इकडेतिकडे बघत होती, बघा म्हटलं आमचं वळण.

निघताना अनुष्काने तिला दाराशी गाठलं. तिचा आवाज खाली होता. “ताई, जी मुलगी तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, ती कुणालाच म्हणू शकणार नाही. समितीसमोर ती हो म्हणेल. पण ते हो तिचं असेल का?”

चंद्रावतीला तोंडात मारल्यासारखं झालं. कालची पोरगी, स्वतःचं लग्न नाही झालं आणि आपल्याला शिकवते, असं तिने तुळशीरामला जेवताना ऐकवलं. तुळशीरामने मान हलवली. ती कुठल्या बाजूने हलवली ते नेहमीप्रमाणे कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावात हळद होती आणि रेवा म्हटल्याप्रमाणे आली. खाडीकडचा वारा मांडवाचे पडदे उचलत होता. नवरीला हळद लागली, चंद्रावतीने देवांना आवतणं दिली, आणि मग म्हाताऱ्यांचे डोळे चमकू लागले. आता थट्टेचे धवले येणार. पहिल्या रात्रीचे, नवऱ्याच्या धांदलीचे, नवरीने काय करावं नि कसं करावं याचे. रीतीप्रमाणे चंद्रावतीनेच टाळी वाजवली, पोरींनो, भाईर व्हा. कुमारिकांना ते ऐकायला नसतं. पोरी खिदळत उठल्या आणि दाराच्या फटीला कान लावून बसल्या. रेवा तेवढी खरंच बाहेर गेली आणि पायरीवर पाठ करून बसली. तिला जा म्हटलं होतं.

गाता गाता चंद्रावतीला दारातून ती पाठ दिसत होती. वर्षानुवर्षं परक्यांच्या पोरींना जे गाऊन सांगितलं ते आपल्या घरातल्या पोरीला आपण हाताने बाहेर काढून ठेवलं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं, आणि तिचा सूर हलला. म्हाताऱ्यांना वाटलं घसा बसलाय. कुणीतरी गरम पाणी आणून दिलं.

रेवाच्या हातात फोन होता. ती वाचायची, मान खाली घालायची, पुन्हा वाचायची. घरी जाताना चंद्रावतीने सरळ विचारलं, कोण आहे. रेवाने सरळ सांगितलं. विचारलं की सांगायचं, हेही तिला तसंच शिकवलेलं होतं. मुलगा कामोठ्याच्या क्लासमधला, हितेश. चांगला होता. तिच्यासाठी बाकावर जागा धरायचा, गणितं सोडवून द्यायचा. आता तो म्हणत होता की तळोज्याला मित्राचा फ्लॅट रविवारी रिकामा असतो, तू ये, आपण दोघंच. रेवाने हो कळवलं होतं.

“तुला जायाचं हाय?” चंद्रावतीने विचारलं.

रेवा चालता चालता थांबली. हा प्रश्न तिला नवा असल्यासारखी ती बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “माहीत नाही. तो म्हणाला ये. नाही म्हटलं तर तो कशाला राहील?”

चंद्रावतीच्या पहिल्यांदा मनात आलं ते कुणाही आईच्या येईल तेच. फोन काढून घ्यायचा, क्लास बंद करायचा, तुळशीरामला कामोठ्याला धाडायचं. तिने तोंड उघडलंही, आणि मग तिला कळलं की आपण ‘जाऊ नको’ म्हटलं तर रेवा त्यालाही हो म्हणेल. आज आपलं ऐकेल, उद्या त्याचं, परवा आणखी कुणाचं. तिने तोंड मिटलं. रात्री तुळशीरामशेजारी पडून ती छताकडे बघत राहिली आणि मनातल्या मनात सगळे धवले गाऊन गेली.

ती एक ओळ शोधत होती. नवरी नको म्हणते अशी. बांधाबांधावरून ती फिरली. सुपारीच्या धवल्यात बघितलं, तिथे बाप बोलत होता. हळदीच्या धवल्यात आया-बाया बोलत होत्या. मांडवात मामा बोलला, उंबऱ्यावर सासू बोलली, सूर्य बोलला, चांद बोलला, उखळसुद्धा आपली हौस सांगून गेलं. नवरी कुठेच बोलत नव्हती. सासूने शिकवलेली, सासूला तिच्या सासूने शिकवलेली एवढी गाणी, आणि जिच्यासाठी सगळा मांडव घातला तिला कुणी काही विचारलेलंच नव्हतं. पहाटे चंद्रावतीचा डोळा लागला तेव्हा मिठागरावर धुकं होतं आणि त्या धुक्यात कुणीतरी एक चाल गुणगुणत होतं. जाग आल्यावर चाल तिच्या ओठांवर होती.

दुपारी तिने रेवाला आतल्या खोलीत घेतलं आणि दार लावलं. सांगायचं ठरवून बसली खरी. गावभरच्या नवऱ्या जिने नांदायला लावल्या त्या बाईला ‘शरीर’ हा शब्द पुढे ढकलता येईना. शेवटी तिने डोळे मिटले आणि गायला लागली. थट्टेचे, कुमारिकांनी न ऐकायचे धवले, एकामागून एक. रेवा आधी लाजली, मग हसली, मग पाय पोटाशी घेऊन ऐकत बसली. पण धवले मोठे लबाड. नेमक्या जागी पोचले की ते आंब्याच्या मोहोराचं आणि भरतीचं गाऊ लागतात. तशी जागा आली की चंद्रावती थांबायची आणि डोळे मिटूनच साध्या शब्दांत पुढचं सांगायची. आंबा म्हणजे काय, भरती म्हणजे काय, कशाने दिवस जातात आणि कशाने जात नाहीत, दुखलं तर ते सोसायचं नसतं. रेवाने विचारलेल्या काही गोष्टी तिलाही ठाऊक नव्हत्या. तेव्हा त्या दोघींनी अनुष्काला फोन लावला आणि फोन गादीवर मधोमध ठेवला. अनुष्का शांतपणे एकेक सांगत गेली. चंद्रावतीला त्यातलं बरंच पहिल्यांदाच कळलं आणि तीस वर्षांच्या संसारात हे कुणी सांगितलं नाही म्हणून तिला रागही आला. मधे तुळशीराम चहा मागायला दाराशी आला, दोन वाक्यं ऐकली, आणि जो खाली गेला तो दिवे लागेपर्यंत वर आला नाही.

फोन ठेवल्यावर चंद्रावती म्हणाली, आता एक नवा आहे. आणि पहाटेच्या चालीवर तिने ती ओळ म्हटली.

“पुसा गो पुसा नवरीला, तिच्या मनान काय हाय. होय म्हनल तर मांडव, नाय म्हनल तरी माय.”

रेवाने ती पुन्हा म्हणायला लावली. खिडकीतून खाली मुलं क्रिकेट खेळताना ऐकू येत होती. रेवाने फोन उचलला, आणि हितेशला काय लिहायचं ते चंद्रावतीला विचारलं. चंद्रावतीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते तिने महत्प्रयासाने गिळलं आणि म्हणाली, तुला काय वाटतं ते.

रेवाने लिहिलं की मला यायचं नाही. हितेशचं ‘बरं’ आलं. तो मुलगा वाईट नव्हता, पण पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या बाकावर जाऊन बसला आणि रेवा घरी येऊन रडली. नाही म्हटल्यावर माणसं जातात हे तिला वाटत होतं तसंच झालं होतं. चंद्रावतीला तिला समजावणारं एकही गाणं सुचलं नाही. ती नुसती शेजारी बसली, आणि रेवा जेवायला नको म्हणाली तर तिने ताट आग्रह न करता उचललं.

त्यानंतर घरात नकारांचा सुकाळ झाला. रेवाला सुकट आवडत नव्हती, कधीच नव्हती; चार वर्षं ती वास न घेता गिळत होती, हे कळल्यावर चंद्रावतीला आधी लाज वाटली आणि मग रडू आलं. हिरवा रंग नको झाला. लग्नांना यायला नको झालं. तुळशीराम कुरकुरला की पोर हाताबाहेर चालली. चंद्रावतीने त्याला गप्प केलं, पण आतून तीही धास्तावली होती. पौष सरत आला होता.

समितीपुढे त्या दिवशी ती ठरवलेलं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोली माळून गेली. तुळशीरामने इस्त्रीचा सदरा घातला होता. आधी रेवाला एकटीला आत नेलं. बराच वेळ गेला. मग या दोघांना बोलावलं. टेबलापलीकडे समितीची माणसं, बाजूला अनुष्का, आणि खुर्चीच्या कडेवर ताठ बसलेली रेवा. मधल्या बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, रेवा, मघाशी बोललीस ते यांच्यासमोर सांगशील का? नको असेल तर मी सांगते.

“मी सांगते,” रेवा म्हणाली. तिने चंद्रावतीकडे बघितलं. “मला दत्तक नकोय. आत्ता नको. मला तुमच्याकडेच राहायचंय, पण माझ्या आईचं नाव मला कागदांवरून काढून टाकायचं नाहीय.”

चंद्रावतीच्या काळजात कळ आली. ती लपवण्यासारखी नव्हती आणि तिने लपवलीही नाही. डोळ्यांत पाणी आलं, अंबाड्यातली अबोली एकदम नकोशी झाली. तिने रेवाकडे पाहिलं, आणि तिला त्या चेहऱ्यात एक ओळखीची गोष्ट दिसली. आपलं पाणी बघून पोर घाबरली होती. कपाळावर घाम येत होता, ओठ हलायला लागले होते. जुनं हो तिच्या गळ्यापर्यंत आलं होतं. आता फक्त एकदा विचारायचं होतं. ‘बाय, परत बघ की गो’, एवढं म्हटलं की झालं. रेवा हो म्हणाली असती, मधल्या बाईंनी हसून चष्मा चढवला असता, आणि चंद्रावतीला मुलगी मिळाली असती. सारी खोली तिच्या तोंडाकडे बघत होती. अनुष्काही.

चंद्रावतीने पदराने डोळे पुसले.

“तिनं सांगितलं नं,” ती बाईंना म्हणाली. “आता परत पुसू नका.”

रेवाचे ओठ मिटले. तिने खुर्चीत मागे पाठ टेकली. मधल्या बाईंनी सांगितलं की फॉस्टर आहे तसं चालू राहील आणि पुढे कधी रेवाला वाटलं तर परत यावं. तुळशीरामने सगळ्यांना नमस्कार केला आणि बाहेर येऊन त्या दिवशी पहिल्यांदाच काहीतरी बोलला, की चहा घ्यायला हवा. चहा कुणालाच गेला नाही.

रिक्षात तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला आणि या दोघी मागे. करंजाड्याच्या रस्त्याला लागल्यावर दुपारचं ऊन दोन्ही बाजूंनी आत आलं. रस्त्याकडेचं पाणी, टॉवरच्या काचा, सगळं पांढरं दिसायला लागलं. चंद्रावतीने डोळे मिटले नाहीत.

“रागावलीस?” रेवाने विचारलं.

“हाय ना. लय रागावलेय.”

रिक्षा खड्ड्यात आपटली, वर आली.

“मग परत पाठवशील मला?”

“नाय,” चंद्रावती म्हणाली.

रेवाने हा शब्द पूर्ण ऐकून घेतला. मग तिने चप्पल काढली, पाय वर घेतले, डोकं चंद्रावतीच्या खांद्यावर टाकलं आणि घर येण्याआधीच झोपून गेली.